इंग्रजीच्या तासातला 'मी' : रूपक, आठवण आणि पूर्वग्रह

दलित साहित्याची चर्चा आपण बहुधा मराठीच्या अंगणातच करतो. मराठीचे विभाग, मराठीची संमेलने, मराठीची पाठ्यपुस्तके आणि त्यांत आपल्या लेखकांना मिळालेली वा नाकारली गेलेली जागा, एवढे तिचे क्षेत्र. शाळेतल्या आणि कनिष्ठ महाविद्यालयातल्या इंग्रजीच्या तासाकडे आपल्या समीक्षेचे लक्ष फारसे जात नाही. इंग्रजी म्हणजे स्पेलिंग, व्याकरण आणि पुढची नोकरी, असे आपण धरून चाललो आहोत. तिथे वाङ्मयही शिकवले जाते, त्या वाङ्मयातून माणसाकडे पाहण्याची एक रीत शिकवली जाते आणि त्या रीतीवर गुण दिले जातात, हे आपण लक्षात घेत नाही.

मी गेली अनेक वर्षे कल्याण-डोंबिवलीत आणि ठाण्यात इंग्रजी शिकवतो. माझ्या वर्गातली मुले कोळसेवाडीची, नेतिवलीची, वागळे इस्टेटच्या वस्त्यांतली. कुणाचा बाप पालिकेच्या सफाई खात्यात, कुणाचा रेल्वेच्या यार्डात, कुणाची आई डोंबिवलीच्या सोसायट्यांत धुणीभांडी करणारी. या आईबापांना इंग्रजीचे मोल कुणी समजावून सांगावे लागत नाही. सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, बाबासाहेबांनी आपले बहुतेक मोठे ग्रंथ इंग्रजीत लिहिले. तो वारसा या घरांत पुस्तकाशिवायही पोचलेला आहे. प्रश्न इंग्रजी हवी की नको हा नाही. इंग्रजीच्या तासात आपले मूल स्वतःला कोणत्या जागेवरून वाचायला शिकते, हा आहे.

या तासात वाङ्मयाच्या तीन संकल्पना हमखास येतात. पहिली अ‍ॅलेगरी, म्हणजे रूपककथा. दुसरी मेमॉयर, म्हणजे आठवणी किंवा आत्मकथन. तिसरी बायस, म्हणजे पूर्वग्रह किंवा एकांगीपणा. तिन्हींच्या व्याख्या मुलांना पाठ असतात. व्याख्येपलीकडे त्या कुणाच्या बाजूने वापरल्या जातात, एवढेच मला येथे तपासायचे आहे.

१

२०१९ साली आलेल्या अकरावीच्या 'युवकभारती' या इंग्रजी पुस्तकात विल्यम काउपर या अठराव्या शतकातल्या कवीची 'नोज व्हर्सस आइज' ही कविता आहे. नाक आणि डोळे यांच्यात चष्म्याच्या मालकीवरून तंटा होतो. जीभ वकील होते, कान न्यायाधीश. जीभ नाकाच्या वतीने पांडित्यपूर्ण युक्तिवाद करते : चष्मा नाकावर बसतो, नाकासाठीच तो घडवला आहे, नाक नसेल तर तो कुणी घालावा? मग तीच जीभ बाजू बदलून डोळ्यांच्या वतीनेही बोलते. पण तो युक्तिवाद कोर्टाला तितकासा वजनदार वाटत नाही. निकाल असा लागतो की नाक जेव्हा जेव्हा चष्मा घालील, तेव्हा डोळ्यांनी मिटून घ्यावे.

वर्गात ही कविता विनोदी म्हणून शिकवली जाते. अवयवांना माणसासारखे बोलायला लावले आहे, हा अलंकार कोणता, वकिलीची थट्टा कशी केली आहे, एवढ्यावर उत्तर पूर्ण होते. ते चूक नाही. परंतु रूपककथा एका अर्थावर थांबत नाही, आणि कोणता अर्थ आधी दिसतो हे वाचणारा कुठे उभा आहे यावर ठरते. माझ्या वर्गातल्या एका मुलाने विचारले, "सर, डोळे स्वतः काही बोललेच नाहीत का?" प्रश्न साधा होता, कवितेचे मर्म त्यात होते. पाहण्याचे काम ज्याचे, त्याला कोर्टात तोंड नाही. त्याचे वकीलपत्रही प्रतिपक्षाच्याच वकिलाकडे. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत गांधीजींनी अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व आपणच करतो असा दावा केला आणि बाबासाहेबांनी तो अमान्य केला, तेव्हा भांडण नेमके या वकीलपत्राचे होते. चष्मा हा शब्द काढून तेथे विद्या हा शब्द ठेवून पाहावा. ज्याच्या अंगावर ती शोभते त्याची ती, ज्याला तिने दिसणार आहे त्याने डोळे मिटावेत, हा न्याय या देशाने शतकानुशतके चालवला.

अवयवांचे हे रूपक आपल्याला परके नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले पुरुषसूक्त हे येथील सर्वांत परिणामकारक रूपक. विराट पुरुषाचे मुख ब्राह्मण, बाहू राजन्य, मांड्या वैश्य आणि पायांपासून शूद्र. 'हू वेअर द शूद्राज?' या १९४६ च्या ग्रंथाची सुरुवात बाबासाहेब या सूक्ताच्या चिकित्सेने करतात, याला महत्त्व आहे. वर्गभेद जगात सर्वत्र होते. पण प्रत्यक्षातल्या भेदाला आदर्श ठरवून त्यावर ईश्वरी मोहोर उमटवण्याचे काम या सूक्ताने केले, हे त्यांचे निदान. म्हणजे रूपक हा केवळ शोभेचा अलंकार राहिला नाही. त्याचा कायदा झाला. ज्यांच्या वाट्याला पाय आले त्यांना पायरीवर बसवण्यात आले, आणि आपले पूर्वज तर त्या देहाच्याही बाहेर ठेवले गेले.

रोममध्येही असेच एक रूपक वापरले गेले. इ. स. पू. ४९४ मध्ये तेथील सामान्य जन, म्हणजे प्लेबियन, शहर सोडून डोंगरावर जाऊन बसले. त्यांची समजूत घालायला गेलेल्या मेनेनियस अग्रिप्पाने पोट आणि अवयव यांची गोष्ट सांगितली, असे लिव्ही हा इतिहासकार लिहितो. पोट आयते खाते म्हणून हातापायांनी संप केला आणि सगळेच शरीर खंगले, अशी ती गोष्ट. पोट म्हणजे अर्थातच उमरावांची सभा. आपल्या शालेय पुस्तकांत अशा गोष्टीचे तात्पर्य 'एकीचे बळ' असे होते. ज्यांना ती गोष्ट सांगितली गेली त्यांनी मात्र तेवढ्यावर भागवले नाही. आपले स्वतंत्र ट्रिब्यून, म्हणजे आपल्या बाजूने हरकत घेणारे अधिकारी, मान्य करून घेऊनच ते खाली उतरले. गोष्ट ऐकावी आणि मागणीही सोडू नये, हा धडा वर्गात सांगण्यासारखा आहे.

रूपक उलटे वाचण्याची आपली परंपराही जुनी आहे. जोतीरावांच्या 'गुलामगिरी'त (१८७३) धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादातून मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह, वामन यांच्या कथा एकेक करून उलगडल्या जातात. देवाच्या अवतारांत त्यांना स्वाऱ्या दिसतात, दैत्यांत येथले मूळचे रहिवासी दिसतात, आणि बळी हा कपटाने गाडलेला प्रजाहितदक्ष राजा ठरतो. त्यांचा प्रत्येक ऐतिहासिक तर्क आज टिकेल असे नाही. परंतु वाचनाची जी पद्धत त्यांनी दिली ती टिकणारी आहे : कथा कुणी सांगितली, कुणाला खलनायक केले, आणि खलनायकाच्या घरात ती कथा कशी सांगितली जात असेल. जगभरच्या इंग्रजी वर्गांत रूपककथा शिकवायला जॉर्ज ऑर्वेलचे 'अ‍ॅनिमल फार्म' (१९४५) वापरतात. रशियन क्रांती आणि स्टालिन यांच्यावरची ती टीका आहे, हे खरेच. पण आपल्या मुलाने ते वाचले तर त्याचे लक्ष आणखी एका ठिकाणी जाईल. भिंतीवरचे नियम रातोरात बदलले जातात, आणि बदल कळत नाही. कारण वाचता येणारे थोडे आणि लिहिणारी डुकरे. राबणाऱ्या बॉक्सर घोड्याची अक्षरओळख चौथ्या अक्षरापुढे जात नाही. अक्षराची मक्तेदारी हीच तेथे सत्तेची किल्ली आहे. मनुस्मृती ज्यांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळली त्यांच्या नातवंडांना हे स्पष्ट करून सांगावे लागणार नाही.

सत्तेला रूपककथा हव्या तशा वळवता येतात, हेही मुलांना सांगितले पाहिजे. १९५४ मध्ये या कादंबरीवर निघालेल्या बोलपटाला अमेरिकेच्या सी.आय.ए.चा पैसा होता आणि त्यात शेवट बदलण्यात आला. रूपक निरपराध नसते.

व्यंगचित्र हेही रूपकच. २०१२ च्या मे महिन्यात एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातल्या शंकर यांच्या १९४९ च्या व्यंगचित्रावरून संसदेत वादळ झाले. संविधान म्हणजे गोगलगाय, तिच्यावर बसलेले चाबूकधारी बाबासाहेब, आणि मागे चाबूक उगारलेले पंडित नेहरू. नेहरूंचा चाबूक गोगलगाईवर आहे की बाबासाहेबांवर, यावर दोन्ही बाजूंनी हिरीरीने बोलले गेले. सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, आणि पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची मोडतोड झाली. ती मोडतोड मला मान्य नाही. वाचनाने वाचनाला उत्तर द्यावे, ही जोतीरावांची शिकवण आहे. परंतु राग कुठून आला हे समजून न घेणारे जे 'विनोदबुद्धी नाही' असे म्हणाले, त्यांनीही ते चित्र पुरते वाचले नव्हते. ज्यांच्या पाठीने पिढ्यान्‌पिढ्या चाबूक ओळखला त्यांना चित्रात आधी चाबूकच दिसणार. वर्गाचे काम तो राग दडपणे हे नाही आणि भडकवणे हेही नाही. दोन वाचकांना एकाच रेषेत दोन गोष्टी का दिसतात, हे मांडणे हे वर्गाचे काम.

२

आता आठवणींकडे वळू. २०२० च्या बारावीच्या 'युवकभारती'त कादंबरी या प्रकारासाठी ज्या कादंबऱ्यांचे उतारे घेतले त्यांत ई. आर. ब्रेथवेट यांची 'टू सर, विथ लव्ह' (१९५९) आहे. ही नावाला कादंबरी, वस्तुतः आत्मकथनच. ब्रेथवेट ब्रिटिश गयानाचे, काळे, शिकलेले अभियंता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानदलात राहिलेले. युद्ध संपल्यावर त्यांची पात्रता पाहून मुलाखतीला बोलावणारे त्यांचा चेहरा पाहून जागा भरल्याचे सांगू लागले. शेवटी लंडनच्या पूर्व भागातल्या गरीब वस्तीत शिक्षकाची नोकरी मिळाली, आणि तेथल्या गोऱ्या मुलांशी त्यांचे नाते कसे जुळत गेले ते हे पुस्तक सांगते.

पाठ्यपुस्तकातला उतारा विद्यार्थी परिषदेच्या अहवालाच्या दिवसाचा आहे. मुले सभेत उभी राहून काय शिकलो ते सांगतात. एक मुलगा मानवी सांगाड्याचा आधार घेऊन सगळी माणसे मुळात सारखीच असे मांडतो. प्रसंग सुंदर आहे, आणि शिक्षक म्हणून मला तो आवडतो. पण हाडांतली समता मान्य करायला कुणाचे काही जात नाही. सांगाड्याला नोकरी मागायची नसते, खोली भाड्याने घ्यायची नसते. पुस्तकाचा कस लागतो तो दुसऱ्या प्रसंगात : मिश्र वंशाच्या एका विद्यार्थ्याची आई मरते, वर्ग फुलांसाठी वर्गणी काढतो, आणि ती फुले त्या घरी नेऊन द्यायला मात्र आधी कुणी तयार होत नाही, काळ्याच्या घरात जाताना लोक पाहतील, याची भीती. सरांवर प्रेम करणारी हीच मुले. हा प्रसंग आणि नोकरी नाकारल्याची प्रकरणे वाचल्याशिवाय त्या सभेतली भाषणे नुसता गोडवा होऊन राहतात. डोंबिवलीत खोली पाहायला गेलेल्या आमच्या माणसाला आडनाव सांगताच 'ती कालच गेली' हे उत्तर का मिळते, हे त्या पानांनी वर्गात आणले असते. उताऱ्याची निवड हीही एक भूमिका असते.

केंद्रीय मंडळाच्या शाळांत बारावीला एन.सी.ई.आर.टी.चे 'व्हिस्टाज' नेमले गेले. त्यात झिटकाला-सा या डकोटा आदिवासी लेखिकेची निवासी शाळेतल्या केस कापण्याची हकीकत आहे, आणि बामा यांच्या 'करुक्कु' या तमिळ आत्मकथनातला भाग आहे. भज्यांचा पुडा दोरीला धरून, स्पर्श न होऊ देता, मालकाकडे नेणारा वस्तीतला वडीलधारा माणूस पाहून लहान मुलगी आधी हसते. भाऊ त्याचा अर्थ सांगतो तेव्हा तिचे हसू जळून जाते. महाराष्ट्रातल्या कोणत्याही खेड्यात हे घडू शकले असते. ही निवड करणाऱ्यांचे मी स्वागत करतो. पण या पाठाला नाव काय दिले? 'मेमरीज ऑफ चाइल्डहुड', बालपणीच्या आठवणी. या नावाने जात बालपणात जमा होते. गोवर-कांजिण्यांसारखी येऊन गेलेली गोष्ट. वर्गात उत्तर लिहिले जाते की दोन दूरच्या संस्कृतींतल्या दोन मुलींना समान अनुभव आले, दोघींनी शिक्षणाने मात केली. पुडा ज्याच्यासाठी नेला त्या मालकाचे नाव उत्तरात येत नाही. अन्याय उरतो, अन्याय करणारा गळून पडतो.

मराठीत आपण या शब्दावर पुष्कळ वाद घातला आहे, आणि तो वृथा नव्हता. 'बलुतं' (१९७८), 'आठवणींचे पक्षी' (१९७९), 'उपरा' (१९८०), 'जिणं आमुचं' (१९८६) ही पुस्तके आली तेव्हा यांना आत्मचरित्र म्हणावे, आत्मकथन म्हणावे की स्वकथन, असा प्रश्न उभा राहिला. आत्मचरित्र हे कर्तृत्व सिद्ध झालेल्या माणसाचे मागे वळून पाहणे. आपल्या लेखकांचे 'मी' तसे नव्हते. 'बलुतं'त दया पवार आणि दगडू मारुती पवार असे एकाच माणसाचे दोन तुकडे एकमेकांशी बोलतात. एक शिकून पांढरपेशा झालेला, दुसरा वस्तीत राहिलेला. इंग्रजीच्या वर्गात बसलेल्या आपल्या मुलाचीही नेमकी हीच फाळणी होत असते. म्हणून जेरी पिंटो यांनी २०१५ मध्ये केलेला 'बलुतं'चा इंग्रजी अनुवाद किंवा माया पंडित यांनी २००८ मध्ये इंग्रजीत नेलेले बेबी कांबळे आणि ऊर्मिला पवार यांचे लेखन ही पुस्तके इंग्रजीच्या शिक्षकाने हातात घ्यायला हवीत. ती इंग्रजीत आली ती परदेशी संशोधकांपुरती नव्हेत. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचे आहे. वाचनाची एवढी जुनी परंपरा असलेल्या या पट्ट्यात मूळ मराठी आणि इंग्रजी अनुवाद समोरासमोर ठेवून वाचणारा वर्ग काढणे अवघड नसावे.

आणि याहूनही जुना दाखला आपल्याजवळ आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या कोवळ्या वयाच्या मांग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त छापला गेला. तो शाळकरी निबंध होता हे आपण विसरतो. ज्या निबंधाच्या वहीला आज दहा गुणांचा प्रश्न म्हणून पाहिले जाते, त्याच वहीत आपल्या वाङ्मयातले हे पहिल्या काळातले जळजळीत स्वकथन लिहिले गेले. त्या मुलीला शिक्षकाने आधी 'तटस्थपणे लिही' असे सांगितले असते, तर आपल्या हाती काय आले असते?

३

हा प्रश्न मी कल्पनेने विचारत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे संध्याकाळी शिकायला येणाऱ्या एका मुलीला तिच्या शाळेत 'अविस्मरणीय प्रवास' या विषयावर इंग्रजी निबंध लिहायला सांगितले. शाळा कोणती, हे येथे महत्त्वाचे नाही. तिने आईच्या गावी लग्नाला गेल्याचे लिहिले : एस.टी.तून उतरल्यावर रस्त्याकडेच्या हॉटेलात चहा कसा मिळाला, कोणत्या कपात मिळाला, आणि आजोबांनी तो कप स्वतः विसळून कसा ठेवला. व्याकरणाच्या दोन-तीन चुका होत्या. खाली लाल शाईत शेरा : 'बायस्ड'. गुण निम्मे. पुढच्या परीक्षेत तिने कधीच न पाहिलेल्या महाबळेश्वरचे वर्णन लिहिले. धुके, स्ट्रॉबेरी, सूर्यास्त. तिला जवळजवळ पूर्ण गुण मिळाले.

या दोन निबंधांमध्ये शालेय इंग्रजीचे सगळे समीक्षाशास्त्र सामावले आहे. खरा 'मी' एकांगी ठरला आणि खोटा 'मी' उत्तम वर्णनशैली ठरला. मुलीने धडा घेतला. शाळेत 'आय' हे अक्षर लिहायचे, पण त्यात आपण असायचे नाही.

पूर्वग्रह हा शब्द आपण नीट तपासला पाहिजे. वर्गात त्याची व्याख्या होते ती मनाची एक चूक म्हणून : पुरेशी माहिती नसताना करून घेतलेले मत. असे म्हटले की तो प्रत्येकाच्याच मनात थोडाथोडा निघतो, कप वेगळा ठेवणाऱ्याच्या आणि कप वेगळा मिळाल्याचे सांगणाऱ्याच्याही. दोघे एका पारड्यात बसतात. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये जात ही मनाची अवस्था आहे असे म्हटले, हे खरे. परंतु ते तेथे थांबले नाहीत. लोक जात पाळतात ते दुष्ट आहेत म्हणून नव्हे, धार्मिक आहेत म्हणून, आणि म्हणून ज्या शास्त्रांनी त्यांचे मन असे घडवले त्या शास्त्रांचे प्रामाण्य मोडले पाहिजे, अशी त्यांची मांडणी आहे. मनामागे ग्रंथ आहे, ग्रंथामागे सत्ता आहे. हे सोडून दिले की पूर्वग्रह ही निव्वळ शिष्टाचाराची बाब होते, आणि 'कुणाला वाईट वाटेल असे बोलू नये' एवढ्यावर तास संपतो.

मग दलित लेखनात एकांगीपणा नसतोच का? असू शकतो. तो ओळखण्याची कसोटी बाबासाहेबांनीच एका छोट्या लेखनात घालून दिली आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे आत्मकथन त्यांनी १९३५-३६ च्या सुमारास इंग्रजीत लिहिले. १९९० मध्ये ते पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले आणि पुढे महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात आले. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात ते अभ्यासाला लावले गेले. माझ्या मते रूपक, आठवण आणि पूर्वग्रह या तिन्ही गोष्टी एकाच वेळी शिकवायला याहून चांगले पुस्तक नाही, आणि त्याची इंग्रजी आपल्या दहावीच्या मुलाला पेलणारी आहे.

शीर्षकच रूपक आहे. व्हिसा परक्या देशात शिरताना लागतो. आपल्याच गावच्या धर्मशाळेत, तळ्यावर, टांग्यात शिरायला ज्याला परवाना लागतो त्याचा देश कोणता, हा प्रश्न त्या एका शब्दात उभा आहे. आणि आतली शैली पाहा. विशेषणे जवळजवळ नाहीत. ठिकाण, प्रसंग, कोण काय म्हणाले, किती पैसे दिले. मसूर स्टेशनावर उतरलेली चांगल्या कपड्यांतली मुले, जात कळताच पाच पावले मागे सरलेला स्टेशनमास्तर, दुप्पट भाडे घेऊनही मुलांना हाकायला लावून स्वतः पायी चाललेला गाडीवान, आणि रात्रभर न मिळालेले पाणी. जकातनाक्यावर आपण मुसलमान आहोत असे सांगितल्याचेही ते लपवत नाहीत. बडोद्यात पारशी नाव घेऊन पारशी धर्मशाळेत राहिल्याचेही सांगतात. चाळीसगावला टांगेवाल्यांनी नकार दिल्यावर पाहुण्याला पायी न्यायचे नाही या अभिमानापायी आपल्याच माणसांनी टांगा न येणाऱ्याला हाकायला बसवले आणि अपघात झाला, तेही सांगतात. हे लिहिणारा माणूस स्वतःलाही पुराव्याच्या चौकटीत उभा करतो. दोषी एकाच धर्माचे दाखवत नाही : बडोद्यात काठ्या घेऊन आलेले पारशी आहेत, दौलताबादच्या तळ्यावर ओरडणारे मुसलमान आहेत. आणि केवळ स्वतःवर विसंबत नाही. काठियावाडातल्या शिक्षकाच्या बाळंत बायकोला डॉक्टराने स्पर्श नाकारल्याची हकीकत दुसऱ्याच्या साक्षीने देतो.

एकांगीपणाला उत्तर तटस्थता नव्हे, साक्ष आहे. तटस्थ राहणे हे ज्याला पाणी मिळते त्याला परवडते. तहानलेल्याने अचूक असावे, एवढीच अपेक्षा रास्त आहे. त्या मुलीच्या निबंधाला हीच कसोटी लावली असती तर शिक्षकाने विचारले असते : गाव कोणते, हॉटेलात आणखी कोण होते, आजोबा कप विसळताना काय म्हणाले? या प्रश्नांनी तिचे इंग्रजीही सुधारले असते.

हीच कसोटी आपण आपल्यालाही लावली पाहिजे. बेबी कांबळे यांनी वस्तीतल्या सासुरवाशिणींचे हाल लिहिले, ऊर्मिला पवारांनी 'आयदान'मध्ये (२००३) शिकलेल्या, चळवळीतल्या घरांतलेही पुरुषीपण दाखवले. तेव्हा घरचे बाहेर कशाला, असे म्हणणारे आपल्यांतही होते. प्रस्थापितांनी 'एकांगी' म्हणणे आणि आपण 'घरभेदी' म्हणणे, दोन्हींचा परिणाम एकच : लिहिणारी गप्प बसते.

४

यातून काही कामे निघतात. पहिले, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' संपूर्ण वाचावे. उतारा नको. पाठ्यपुस्तकात येण्याची वाट पाहायचीही गरज नाही. वस्तीतल्या अभ्यासिकेत ते आठवडाभरात वाचून होते. कल्याण जंक्शनवरून फुटणाऱ्या दोन वाटांवरच त्यातली दोन स्टेशने आहेत : पुण्यावरून पुढे मसूर, नाशिकवरून पुढे चाळीसगाव. रोज त्याच फलाटावरून लोकल पकडणाऱ्या मुलांना हा नकाशा काढायला सांगावा.

दुसरे, नेमलेले पाठ टाकून न देता ते आपल्या बाजूने वाचावेत. अकरावीच्या त्याच पुस्तकात इब्सेनच्या 'अ‍ॅन एनिमी ऑफ द पीपल'चा भाग आहे. गावाचे पाणी दूषित आहे असे सांगणाऱ्या डॉक्टरला गाव शत्रू ठरवते. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी प्याल्यावर ज्यांनी ते तळे पंचगव्याने 'शुद्ध' केले, त्यांची गोष्ट त्याच्याशेजारी ठेवावी. मग दूषित काय होते, हा प्रश्न वर्ग स्वतःच विचारील. लोकशाहीचे आधारस्तंभ सांगणारा बाबासाहेबांचा पाठही त्याच पुस्तकात आहे. तो पाठांतरासाठी नाही, या प्रश्नांच्या उजेडात वाचण्यासाठी आहे.

तिसरे, निबंधाच्या वह्या तपासणाऱ्या शिक्षकांशी कार्यकर्त्यांनी बोलावे. मोर्चा घेऊन नव्हे, वही घेऊन. 'बायस्ड' असा शेरा मारणाऱ्याने कोणते विधान खोटे किंवा अपुरे आहे ते दाखवावे, एवढीच मागणी करावी. ती नाकारणे कुणालाही कठीण जाईल.

शिक्षणाने आपल्याला भाषा दिली हे खरे, पण त्या भाषेत काय बोलायचे याचा परवाना अजून दुसऱ्याच्या टेबलावर पडलेला आहे. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या शाळांत दर वर्षी शेकडो मुले-मुली इंग्रजीत पहिल्यांदा 'मी' लिहितात. त्या 'मी'च्या खाली लाल शाई कुणाची आणि कशासाठी, याची चिकित्सा हे आता दलित समीक्षेचे काम आहे. ते आपण केले नाही, तर आपली मुले उत्तम इंग्रजीत महाबळेश्वरची वर्णने लिहीत राहतील.